दोन मेखा दिसणारा स्वार

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात एका आढतीच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या तोंडाशी, पाटी होती: ‘डॉ. मिस वनमाला करकरे, एल.एम.पी. फक्त स्त्रिया व मुले.’ खाली दिवसभर तुरीची नि मसुरीची पोती उतरत असत, त्यामुळे वर येणाऱ्या बायका पदर नाकाला लावूनच जिना चढत.

१९३४ सालचा दसरा तीन आठवड्यांवर आला होता. एका सकाळी त्या जिन्यावर जड बुटांचा आवाज झाला आणि बाकावर बसलेल्या बायका चपापल्या. आधी वर आल्या त्या रिसाल्याच्या लाइनीत, म्हणजे स्वारांच्या चाळींत, राहणाऱ्या शांताताई भोईटे. त्यांच्या मुठीत एक मनगट होतं, आणि त्या मनगटामागून आला त्यांचा मुलगा सूर्याजी. चोवीस वर्षांचा, संस्थानच्या रिसाल्यातला स्वार, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच. उजव्या डोळ्यावर रुमाल बांधलेला.

“आई, चल ना. यहाँ सब औरतें बैठी हैं,” तो कुजबुजला.

“बसू देत. खात नाहीत त्या तुला.”

पडद्याआडून वनमालाबाई बाहेर आल्या. “शांताताई, खालची पाटी वाचलीत ना? स्त्रिया आणि मुलं.”

“मग? हा माझा मुलगाच आहे.”

बाक हसला. वनमालाबाईही हसल्या आणि त्यांनी पडदा बाजूला केला.

वनमालाबाई तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. वडील देवस्थानाच्या कचेरीत कारकून. आई लहानपणीच गेली. मुलीने आग्र्याला जाऊन डॉक्टरी शिकायची म्हटल्यावर नातेवाइकांनी डोक्याला हात लावला, वडील एवढंच म्हणाले, “आग्रा म्हणजे काय विलायत आहे? सकाळी गाडीत बसलं की जेवायला पोचतो माणूस.” चार वर्षं शिकून त्या परत आल्या आणि सहा वर्षांत शहराच्या लष्कर भागातल्या निम्म्या घरांच्या माजघरापर्यंत त्यांची ये-जा झाली. त्यांचं बोलणं थोडं आणि ठाम असे. भीती त्यांनाही वाटे, पण ती रोग्यासमोर बाहेर काढायची नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

“काय होतंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” सूर्याजी म्हणाला.

“मग रुमाल शोभेसाठी बांधलाय का?”

त्याने रुमालाची गाठ चाचपली. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. दसऱ्याच्या खेळांसाठी रिसाल्याचा सराव चालू होता. घोडा भरधाव सोडायचा, जमिनीत ठोकलेली लाकडी मेख भाल्याच्या टोकावर उचलायची आणि तसंच पुढे जायचं. या खेळात सूर्याजीचा हात धरणारा रिसाल्यात कोणी नव्हता. पण गेल्या आठवड्यात तो मेखेजवळ पोचला आणि त्याला शेजारी-शेजारी दोन मेखा दिसल्या. त्याने एकीवर भाला टाकला. नुसती माती उडाली. पुन्हा आला, दुसरीवर टाकला, पुन्हा माती. तिसऱ्या फेरीनंतर रिसालदारांनी त्याला घोड्यावरून उतरवून त्याचं तोंड हुंगलं.

“मी दारूला शिवत नाही, बाई. माझी कसम.”

पलटणीच्या डॉक्टरांनी आधी दारूच म्हटलं. मग दोन दिवसांनी उजवा डोळा नाकाकडे वळलेला उघड दिसायला लागला, तेव्हा ते म्हणाले, जवान माणसाला असं होतं ते एकाच कारणाने. बाहेरख्यालीपणाने. रक्त काढून तपासणीला आग्र्याला पाठवलं. कागद यायला महिना लागेल, आणि रक्त खराब निघालं तर नोकरी संपली, असं त्याला ऐकवण्यात आलं.

कागद यायला महिना लागणार होता, पण बातमी लाइनीत संध्याकाळीच पोचली. नळावर शांताताई आल्या की बायका घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या.

“खरं सांगा, बाई,” शांताताईंचा आवाज आता उतरला होता. “माझा पोरगा तसा आहे का?”

“तसा आहे की नाही ते मागून. आधी त्याला झालंय काय ते बघू.”

वनमालाबाईंनी त्याचा रुमाल सोडला आणि त्याला खिडकीसमोर स्टुलावर बसवलं. “मान हलवायची नाही. नजर माझ्या बोटावर.” बोट डावीकडे गेलं, दोन्ही डोळे मागोमाग गेले. वर, खाली, दोन्ही गेले. बोट उजवीकडे गेलं तेव्हा डावा डोळा गेला आणि उजवा मध्येच थबकला, जसा काही कोणी त्याचा लगाम आवळून धरला होता.

“आता किती बोटं?”

“दोन.”

“आणि डावीकडे नेलं की?”

“एक.”

म्हणजे मेख उजव्या हाताला आल्यावरच दोन का होत होती ते कळलं. पापणी पडलेली नव्हती. बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाहुल्या झटकन बारीक झाल्या. डोळा फिरवणाऱ्या तीन नसा मेंदूतून निघतात. त्यातली एकच, डोळ्याला बाहेरच्या अंगाला ओढणारी, कामातून गेली होती.

आग्र्याला शरीररचना शिकवणारे एक म्हातारे मास्तर होते. ते म्हणायचे, माणूस वेळेवर घरी पोचला नाही तर आपण काय करतो? तो ज्या रस्त्याने यायचा तो रस्ता पायी चालून बघतो. नस पांगळी झाली की तिचा रस्ता चालून बघा. कुठेतरी काहीतरी आडवं पडलेलं असतंच.

वनमालाबाई तो रस्ता चालू लागल्या. डोक्याला मार? श्रावणात सूर्याजी घोड्यावरून पडला होता खरा, पण खांद्यावर; शुद्ध हरपली नव्हती, आणि दोन दिसायला लागलं त्याच्या दीड महिन्यानंतर. साखरेचा रोग? लघवी परीक्षानळीत औषध घालून उकळली. निळी ती निळीच राहिली, म्हणजे साखर नव्हती. मेंदूच्या आवरणाचा ताप? हनुवटी छातीला सहज टेकत होती. कवटीत गाठ, आतून दाब? आग्र्याहून आणलेलं डोळ्याचा तळ बघायचं यंत्र त्यांनी काढलं, खिडकी लावून घेतली आणि बराच वेळ आत पाहिलं. तळ स्वच्छ होता.

“आणि ते?” शांताताईंनी हळूच विचारलं.

“त्या रोगात बाहुल्या बहुधा बिघडतात. याच्या शाबूत आहेत. अंगावर चट्टा नाही, गाठ नाही. पक्कं कागद आल्यावरच सांगता येईल, पण तोवर दुसऱ्या कोणीही पक्कं सांगायचं कारण नाही.” मग त्या सूर्याजीकडे वळल्या. “दुखतं का कुठे?”

“डोळ्याच्या मागे. खोल. कोणी आतून सुंभ पिळतंय असं.”

“कुठल्या बाजूला?”

“उजव्या.”

“आणि कान?”

“कान ठीक आहेत,” तो म्हणाला. “एकदम ठीक.”

बाकी सगळी उत्तरं त्याने विचार करून दिली होती. हे एवढं एकच तोफेच्या गोळ्यासारखं आलं. वनमालाबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“ठीक कसले?” शांताताई उसळल्या. “उजवा कान लहानपणापासून वाहतोय की तुझा!”

“आई!”

“काय आई? डॉक्टरबाईंपासून काय लपवायचं?”

लपवण्यासारखं होतं. भरतीच्या वेळी त्याने कान धुऊन, सुकवून, तपासणीला उभं राहून नोकरी मिळवली होती. वाहता कान कळला असता तर रिसाल्यात घेतलंच नसतं. तेव्हापासून चार वर्षं तो कापसाचा बोळा फेट्याखाली दडवत आला होता. पलटणीच्या डॉक्टरांना त्याने कानाबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं.

“पण आता नाही वाहत, बाई. बंद झाला,” तो अजिजीने म्हणाला. “बाड्याच्या चौकात तो लाल पगडीवाला कनमैलिया बसतो ना, कान साफ करणारा, त्याने फुंकणीने कसलीशी पूड मारली. पाच दिवसांत कान कोरडा ठाक. मी तर खुशीत त्याला मिठाई खिलवली.”

“हे कधी?”

“जन्माष्टमीच्या आसपास.”

“आणि डोळ्यामागे कधी दुखायला लागलं?”

सूर्याजी बोटांवर दिवस मोजू लागला. मोजता मोजता त्याचं बोट मध्येच थांबलं. “त्याच्या पुढच्याच आठवड्यात,” तो सावकाश म्हणाला.

वनमालाबाईंनी कपाळावर आरसा बांधला आणि कानात पाहिलं. पुडीची पांढरी खपली गच्च बसली होती. कोमट औषधाने ती मऊ करायला पाव तास गेला. खपलीचा तुकडा निघाला तशी अशी दुर्गंधी सुटली की शांताताईंनी तोंड फिरवलं. खाली पू होता, आणि तो नाडीच्या ठोक्याबरोबर हलत होता. कानामागचं हाड दाबताच एवढा धिप्पाड स्वार स्टुलावरून अर्धा उठला.

“कान बरा झाला नव्हता, सूर्याजीराव,” वनमालाबाई म्हणाल्या. “पाणी आटलं नव्हतं, मोरी तुंबली होती. मोरी तुंबली की पाणी कुठे जातं?”

“भिंतीत,” शांताताईंनी उत्तर दिलं.

“तसंच. कानाच्या आतल्या हाडाचं टोक पार डोळ्यामागपर्यंत जातं. पू हाडाहाडातून तिथवर पोचलाय. आणि ही डोळ्याची नस त्या टोकाला अगदी घासून जाते.”

 शांताताईंना रोगाची भीती वाटायच्या आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. “म्हणजे ते नाही,” त्या एवढंच पुटपुटल्या.

“ते नाही. पण हे लहान नाही. याच्या पुढचं घर मेंदूचं आहे. आजच मोठ्या इस्पितळात जायचं.”

वनमालाबाईंनी कपाटातून कापडात गुंडाळलेली एक वस्तू काढली, पिशवीत घातली आणि टांगा बोलावला.

मोठ्या इस्पितळातले सर्जन महिपतराव हे पन्नाशीचे, करड्या मिशांचे गृहस्थ. हात सोन्याचा, जीभ करवतीची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“कान तुंबला म्हणून डोळा वळला? वीस वर्षांत मी असा रोगी पाहिला नाही, बाई.”

“मीही नाही पाहिला. वाचलाय. तीसेक वर्षांपूर्वी एका इटालियन डॉक्टरने लिहून ठेवलंय. कान वाहणं, डोळ्याभोवती कळ, आणि डोळा बाहेरच्या अंगाला न वळणं. तिन्ही एकत्र आली तर कानाच्या हाडाचं टोक बघा.”

“पुस्तकातला रोगी ग्वाल्हेरला येत नसतो.”

“आलाय. बाहेर बाकावर बसलाय.”

वनमालाबाईंनी पिशवीतून कवटी काढून टेबलावर ठेवली. ओटीतून लोकरीचा तांबडा धागा काढला आणि मेंदूच्या तळापासून डोळ्याच्या खोबणीपर्यंत नसेच्या वाटेवर अंथरला. हाडाच्या टोकाशी धागा एका अरुंद फटीतून वळत होता. महिपतराव टेबलावर वाकले. मग उठून बाहेर गेले, सूर्याजीचा कान त्यांनी स्वतः पाहिला, डोळा स्वतः फिरवून पाहिला, आणि परत येऊन खुर्चीत बसले.

“आग्र्याचा कागद येईपर्यंत थांबायला हरकत आहे?”

“पुवाला टपाल कळत नाही, साहेब.”

“आणि तुमचा तर्क चुकला तर?”

“तरी कान उघडावाच लागणार आहे. ती पुढची एक खोली तेवढी जास्त बघा.”

महिपतरावांच्या मिशा हलल्या. ते हसू होतं की नाही सांगणं कठीण. “उद्या सकाळी सातला. तुम्ही हजर राहा. रस्ता तुम्हाला माहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी सूर्याजीला क्लोरोफॉर्म दिला. महिपतरावांनी कानामागे छेद घेतला आणि बारीक छिन्नी-हातोडीने हाड उघडायला सुरुवात केली. मधमाशांच्या पोळ्यासारखं ते हाड जागोजाग कुजलेलं होतं. पहिल्या खोलीत पू निघाला, दुसरीत निघाला, मग कोरडं हाड लागलं. महिपतराव थांबले. वनमालाबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी वरच्या अंगाला, आतल्या बाजूला बोट दाखवलं. सर्जनांनी अगदी बारीक हत्यार घेऊन तिथे हलकेच खरवडलं. एक फट दिसली, आणि त्या फटीतून दाबाखाली कोंडलेला पू असा उसळला की परिचारिकेच्या हातातला बोळा भिजून गेला.

“घ्या बाई,” महिपतराव मान वर न करता म्हणाले, “सापडली तुमची वाट.”

तिसऱ्या दिवशी डोळ्यामागची कळ गेली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा सूर्याजी सलग सहा तास झोपला आणि उठून त्याने भाकरी मागितली. पण डोळा जिथे होता तिथेच राहिला.

वनमालाबाई दवाखाना उरकून रोज संध्याकाळी इस्पितळात जात. व्हरांड्यात खडूची रेघ ओढून सूर्याजीला तिच्यावर उभं करत, समोर मेणबत्ती धरत आणि विचारत, दोन ज्योतींमध्ये किती बोटांचं अंतर? बारा. दुसऱ्या दिवशी बारा. दसऱ्याच्या दिवशी किल्ल्यावरच्या तोफा व्हरांड्यात ऐकू आल्या, सूर्याजीने भिंतीकडे तोंड केलं. त्या संध्याकाळीही बाराच.

“बाई, हे जाईल ना?” शांताताईंनी विचारलं.

“नस दबली होती, तुटलेली नाही. दबलेलं गवत उठायला वेळ घेतं.” वनमालाबाई हे ठामपणे म्हणाल्या. टांग्यात बसल्यावर मात्र त्यांनी पुस्तकातलं ते पान पुन्हा मनात वाचलं. तिथेही आठवडे लिहिले होते, दिवस नव्हे. त्यांनी स्वतःला बजावलं की पान बरोबर आहे, आपलीच घाई चाललीय.

बाविसाव्या दिवशी सूर्याजी म्हणाला, “दहा.” त्यांनी मेणबत्ती हलवून पुन्हा विचारलं. “दहाच, बाई. सच में.” मग आठ झाली, मग पाच. धनत्रयोदशीला घरी जाताना सरळ समोरची ज्योत एकच दिसत होती. फक्त अगदी उजवीकडे नजर नेली तर ती जराशी फाटायची.

आग्र्याचा कागद त्याच आठवड्यात आला. रक्त निर्दोष. पलटणीच्या डॉक्टरांनी तो सूर्याजीच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “कानाचं मला सांगितलं असतंस तर,” आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. सूर्याजीने कागदाची घडी घातली आणि तो आईकडे नेऊन दिला.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी शांताताईंनी लाइनीतल्या सगळ्या बायकांना फराळाला बोलावलं आणि वनमालाबाईंनाही. चिवडा-शंकरपाळ्यांच्या ताटल्या फिरल्यावर शांताताईंनी देव्हाऱ्यातून तो कागद काढला. “डॉक्टरबाई, हा जरा मोठ्याने वाचा. इंग्रजीत आहे, आम्हाला कुठं कळतंय.”

वनमालाबाईंनी त्यांचा बेत ओळखला. “शांताताई, रोग्याची गोष्ट अशी चारचौघांत वाचत नाहीत.”

“नळावर चारचौघांतच झाली ना ती?”

दारात उभा असलेला सूर्याजी म्हणाला, “वाचा, बाई. माझा कागद आहे, माझी परवानगी आहे.”

तेव्हा त्यांनी वाचला, मराठीत सांगितला, आणि घडी घालताना म्हणाल्या, “याच्या रक्तात दोष नाही, कानात होता. आणि उद्या कोणाच्या रक्तात निघाला, तर त्याला नळावर नेऊ नका, माझ्याकडे आणा. त्यालाही औषध आहे.”  मग कोपऱ्यातल्या सुमनताई, ज्यांनी सगळ्यांत आधी घागर बाजूला केली होती, त्या उठल्या आणि शांताताईंच्या ताटलीत स्वतःच्या हाताने एक करंजी ठेवून परत जागेवर बसल्या.

सूर्याजीचा उजवा कान जवळजवळ बहिराच राहिला. भरतीच्या वेळचं खोटं त्याने आपणहून वरिष्ठांसमोर कबूल केलं. बोलणी खाल्ली, रांगेतली जागा गेली, पण त्याच्यासारखा घोडा दुसरा कोणी घडवत नव्हता, म्हणून नवे घोडे शिकवण्याच्या कामावर त्याला ठेवून घेतलं. त्या कामात तो रमला.

वनमालाबाईंनी त्या हिवाळ्यापासून दर गुरुवारी रिसाल्याच्या लाइनीत जाऊन मुलांचे कान तपासायला सुरुवात केली. “वाहतो थोडा, आपोआप थांबेल,” असं आया म्हणत, आणि त्या म्हणत, “थांबला की आधी मला सांगा.” महिपतरावही अधूनमधून चिठ्ठी पाठवत: ‘एक नस आली आहे, येऊन जावे.’ कधी कारण सापडे. घसा दुखून गेलेल्या एका तरुण सुनेला पाणी पिताना ते नाकातून यायचं; तो घटसर्पाचा मागे राहिलेला परिणाम होता आणि दोन महिन्यांत ओसरला.

कधी सापडत नसे. मुलींच्या शाळेतली पद्मा नावाची मास्तरीण डावी पापणी पडली म्हणून आली. वनमालाबाईंनी तीन वेळा सगळा रस्ता पालथा घातला. कान, रक्त, लघवी, डोळ्याचा तळ, काही म्हणजे काही हाती लागलं नाही. त्या संध्याकाळी जेवताना वडिलांनी विचारलं, “मग सांगितलंस काय तिला?”

“सांगितलं, कारण सापडलं नाही.”

“असं सांगतात का कुठे डॉक्टर?”

“सांगतात,” ताकाची वाटी पुढे ओढत वनमालाबाई म्हणाल्या. “आणि सोमवारी पुन्हा ये म्हणतात.”